दहा हजार नऊ फरश्या

भीतीची गोष्ट सांगावी तर मीच सांगावी, असं मी आजवर चारचौघांत छाती फुगवून सांगत आलो आहे. माझी गोष्ट ऐकणारा माणूस जागच्या जागी गार पडतो. परवा माझे व्याही असेच पडले. मी मनातून खूश झालो. मग ते घोरायला लागले.

तरी दिवा जरा इकडे ओढा आणि ऐका. आधीच सांगतो, या गोष्टीत भूत नाही. भूत असतं तर बरं झालं असतं, त्याला निदान हाकलता येतं. या गोष्टीत एक आकडा आहे. माझं स्वतःचं गणित तेराच्या पाढ्यापाशी बसलं ते तिथून उठलंच नाही, त्यामुळे कुठे अडखळलो तर हसू नका. तुमचंही कुठवर गेलंय ते मला ठाऊक आहे.

आमच्याकडे एक गणिताचे सर होते. मुलं त्यांना बाकीसर म्हणत, कारण उभ्या हयातीत त्यांनी कुणालाही विचारलेला प्रश्न एकच: "बाकी किती?" फळ्यापाशी उभ्या पोराला तेच, दूधवाल्याला तेच, आणि मांडीला इंजेक्शन देणाऱ्या नर्सलाही तेच. माणूस सुकलेला, उंच, नाकाला धार. जग आपल्यापुढे नापास व्हायलाच रांगेत उभं आहे अशा चेहऱ्याने ते रस्त्याने चालत.

माणसांची त्यांनी संख्यांसारखी प्रतवारी लावून टाकली होती. ज्याच्यात दुसऱ्याला वाटण्यासारखं भरपूर, तो विपुल. ज्याचे सगळे भाग गोळा केले तरी तो स्वतःएवढाही भरत नाही, तो न्यून. आणि ज्याला तो स्वतः आणि एक यांच्याखेरीज कुणीही भागू शकत नाही, ती मूळ संख्या. आमच्यात मूळ संख्या एकच आहे, असं त्यांचं मत होतं. कोण, ते सांगायला नको. बायकोला ते समसंख्या म्हणत, कारण ती कुणाहीबरोबर अर्धं वाटून घ्यायची. ती गेली, आणि घरात अर्धं वाटून घ्यायला कुणी उरलं नाही.

एक लेक होती. डोकं बापाचं, मन आईचं. सर तिच्याशी जेवताना आकड्यांवर बोलत, तेवढंच काय ते त्यांचं प्रेमाचं बोलणं. त्या लेकीने लग्न कुणाशी करावं? एका फरशीवाल्याशी. तोही असा की ज्याला सरांनी स्वतःच्या हाताने गणितात नापास केलं होतं, आणि एकदा नव्हे. जावई म्हणून तो माणूस वाईट नव्हता. कामावर उशिरा यायचा, आल्यावर शिट्टी वाजवायचा, गप्पांत पक्का, हिशेबात कच्चा. फरशी मात्र अशी बसवायचा की वरून गोटी सोडली तर ती कुठे जावं याचा विचार करत थांबेल.

सरांनी त्याला न्यून ठरवलं आणि लेकीच्या घरी पाणीदेखील प्यायचं नाही असं ठरवून टाकलं.

आता मुद्द्यावर येतो. धान्याचं एक जुनं कोठार होतं, दगडी भिंतींचं, चौकोनी, प्रचंड. त्याचं वाचनालय करायचं ठरलं. त्यावर एक समिती बसली. समितीतल्या चौघांना मोजता येत नव्हतं आणि पाचव्याला मोजल्याशिवाय राहवत नव्हतं. पाचवे आपले बाकीसर. कोठाराची जमीन खचली होती, म्हणून जुन्या दगडी फरश्या काढायच्या, खाली भर घालायची, आणि त्याच फरश्या परत बसवायच्या. काम जावयाला मिळालं. सरांचा विरोध होता, पण चार विरुद्ध एक. हे गणित सरांनाही सोडवता आलं नाही.

त्या फरश्या हाताने कापलेल्या. फूटभर लांब, फूटभर रुंद, पण कडा अशा की एकीची कड तिच्या शेजारणीलाच बसते, तिसरीला बसत नाही. म्हणून जावई काढताना प्रत्येक फरशीच्या पाठीवर खडूने आकडा टाकत गेला, एकापासून सुरू करून. सगळ्या काढून झाल्या तेव्हा शेवटच्या फरशीवर आकडा होता दहा हजार नऊ. तो सरांनी स्वतः पाहिला. थप्प्याही स्वतः मोजल्या. दहा हजार नऊच.

मग भर घातली आणि फरश्या परत बसल्या. सर पाहायला गेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शंभर. आडव्याही शंभर. एकही फुटलेली नाही, एकही कापलेली नाही. आणि बाहेर अंगणात शिल्लक एकही नाही.

सर तिथून तडक लेकीच्या घरी गेले. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"चोर आहे तुझा नवरा," ते दारातूनच म्हणाले.

"आत या, बाबा. चोराच्या घरी खुर्ची आहे."

"बसायला नाही आलो. काढल्या दहा हजार नऊ. बसवल्या शंभर गुणिले शंभर. बाकी किती?"

"तो म्हणतो, बाकी शून्य."

"तो सातवीतही हेच म्हणायचा."

जावई आत नळाखाली हात धूत होता. तिथूनच म्हणाला, "सर, सातवीत मी थापा मारत होतो. आता खरं बोलतोय. सगळ्या बसवल्या."

"दहा हजारांच्या जागेत दहा हजार नऊ?"

"जागा किती होती ते मी मोजलं नाही. मी फरश्या संपेपर्यंत बसवल्या."

सर लेकीकडे वळून असे हसले, की त्या हसण्याला दूध दाखवलं असतं तर नासलं असतं. "ऐकलंस? जागा मोजली नाही म्हणे. अगं, दहा हजार आठ म्हणाला असता तरी मी त्याला शहाणा म्हटलं असतं. दहा हजार आठ विपुल आहे, तिचे ढीगभर आयत होतात. बहात्तर ओळी घाल, एकेकीत एकशे एकोणचाळीस, झाला हॉल. पण याने थाप मारायला आकडा निवडला कुठला, तर मूळ संख्या. दहा हजार नऊला कशानेच भाग जात नाही. तिचा आयत होत नाही. एकामागे एक लांबलचक रांग लावायची, बस. चोरी करतानाही याला संख्या निवडता आली नाही."

लेक भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आयत होत नाही, पण दोन चौरस होतात."

सरांनी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं.

"शंभराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग," ती म्हणाली. "दहा हजार आणि नऊ. तुम्हीच शिकवलंत. चाराने भागून एक उरतो ना."

आता पाहा, माणसाचा स्वभाव कसा असतो. सर भांडायला आले होते, पण मुलीच्या तोंडून हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर. चाराने भागून एक उरत असेल तर ती मूळ संख्या दोन वर्गांत मोडतेच, आणि एकाच रीतीने मोडते. दुसरी रीत नाही. तिचं जुळं भावंड घे, दहा हजार सात. तेही मूळ, पण त्याला चाराने भागून तीन उरतात. ते मेलं तरी दोन वर्गांत मोडायचं नाही. पण दहा हजार नऊला हा एक मार्ग आहे, आणि हा एकच." हे असं का, ते मला विचारू नका, मी सरांनाही विचारलं नव्हतं, कारण त्यांनी सांगितलं असतं.

मग सरांना आठवलं की आपण कशासाठी आलो आहोत. "तेव्हा जावईबापू, गणिताप्रमाणे तुमच्या नऊ फरश्या तीन बाय तीनच्या एका खोलीत आहेत. दाखवा ती खोली."

जावई हात पुसत बाहेर आला. शिट्टी नव्हती, हसू नव्हतं. "असेल खोली," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटच्या नऊ बसवताना माझी कोपरं घासत होती. दोन्हीकडे. तेव्हा वाटलं, काहीतरी सामान असेल आजूबाजूला. आणि काढतानाचंही... आम्ही चौघे होतो कामाला. त्या नऊ कुणी काढल्या, चौघांनाही आठवत नाही. अक्षर माझं आहे, ते बघितलं मी."

"शाबास. आता वेड्याचं सोंग."

लेकीने भाजीची पाटी बाजूला ठेवली. "बाबा, एकदाच काय ते मिटवा. तुम्ही सिद्ध करा की नऊ फरश्या हॉलमध्ये बसवलेल्या नाहीत. केलंत सिद्ध, तर मी बॅग भरते आणि तुमच्या घरी येते, कायमची. नाही करता आलं, तर समितीसमोर म्हणायचं की माझ्या जावयाची मोजणी बरोबर होती. आणि मग इथे येऊन जेवायचं, त्याच्या शेजारी बसून."

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

सरांनी होकार दिला. लेक परत मिळणार, आणि तीही भागाकाराने. आणखी काय हवं होतं त्यांना?

सरांची पद्धत साधी आणि कुणी शंका घेऊ नये अशी होती. मक्याचे दहा हजार नऊ दाणे मोजून एका पिशवीत भरायचे. त्यांनी स्वतः मोजले, मग लेकीने मोजले, मग तिच्यावर विश्वास नाही म्हणून पुन्हा स्वतः मोजले. एकेका फरशीवर एकेक दाणा ठेवत जायचं. फरश्या दहा हजार असतील तर पिशवीत नऊ दाणे उरतील. ते नऊ दाणे मुठीत घेऊन ते लेकीच्या दारात उभे राहणार होते. काय बोलायचं तेही त्यांनी आरशासमोर बोलून पाहिलं होतं.

सुट्टीचा दिवस होता. गडी आले नव्हते. खिडक्यांच्या काचांना रंग लागू नये म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यातून ऊन पिवळं होऊन आत पडलेलं. ओल्या सिमेंटचा वास. आणि त्या वासाखाली आणखी एक वास, फार दिवस बंद असलेल्या जागेचा, ओल्या चुन्याचा. सासरे-जावई दोघे कामाला लागले. वाकायचं, दाणा ठेवायचा, सरकायचं. कोठार इतकं मोठं की पलीकडे टेकवलेल्या दाण्याचा आवाजही अलीकडे फिरून येई. बोलणं नव्हतंच. एकदा जावई म्हणाला, "सर, कंबर धरली का?" तेव्हा सर म्हणाले, "तू तुझी बुद्धी धर, सुटून पळतेय." एवढंच.

दुपार कलली. शेवटच्या काही ओळी राहिल्या तेव्हा सरांनी पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. "तू लांब जा. दाराशी. तुझ्या हाताला सवयी वाईट आहेत."

जावई दाराशी जाऊन उभा राहिला. सर एकटेच ठेवत गेले. वाका, ठेवा, सरका. आता एक ओळ. आता अर्धी. पिशवीच्या तळाशी बोटांना दाणे लागत होते आणि सरांच्या ओठांवर हसू जमत होतं. वाका, ठेवा, सरका. अंग दुखत होतं, जागा अवघडलेली वाटत होती, पण सर पुढे सरकत होते. वाका, ठेवा.

पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी.

सरांनी ती उलटी केली. झटकली. शिवणीत बोट फिरवलं. मग मान वर केली. ते शेवटच्या ओळीच्या टोकाशी, भिंतीलगत उभे होते आणि दारातून जावई त्यांच्याकडे टक लावून पाहत होता.

"सर... कुठे होता तुम्ही?"

"डोळे फुटले का तुझे? इथे."

"मी चार हाका मारल्या." जावई हळूहळू जवळ आला, दाण्यांवर पाय पडू न देता. "तुमच्या कोपरांना काय लागलंय?"

सरांनी पाहिलं. दोन्ही कोपरांना पांढरं. ओला चुना. त्या कोठाराच्या भिंती उघड्या दगडाच्या होत्या. चुन्याचा हात तिथे कुणी कधी फिरवला नव्हता.

"घामावर धूळ बसली," सर म्हणाले. "खिसे उलटे कर."

जावयाने खिसे उलटे केले. एक मोजपट्टी, एक रुमाल. दाणा नाही. मग सरांनी हुकूम सोडला, आता गोळा करायचे. एकेक ओळ गोळा करून मोजली. प्रत्येक ओळीत शंभर, आणि ओळी शंभर. दहा हजार दाणे पिशवीत परत आले. नऊ दाणे हॉलमध्ये कुठेच नव्हते, आणि ते ठेवले होते सरांनीच.

जावई म्हणाला, "सर, मी हिला घेऊन येतो. तिने बघावं. तोवर तुम्ही... बाहेर थांबा ना अंगणात."

"का? मी आत एकटा राहिलो तर तुझी लबाडी सापडेल म्हणून?"

"नाही," जावई म्हणाला. "तसं नाही." आणि तो गेला. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं त्याने.

आता खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? तुम्ही अंगणातच काय, पार घरी जाऊन पांघरूण घेतलं असतं. मीही. पण ज्याला जगात कुणीच आपल्याइतका हुशार वाटत नाही, त्याला भीतीसुद्धा स्वतःच्या लायकीची वाटत नाही. सर गुडघ्यांवर बसले आणि शेवटची ओळ पुन्हा चाचपायला लागले. आपली काठी त्यांनी बगलेत धरली होती. नाक फरशीला टेकेल इतके वाकून ते पुढे सरकत गेले. पिवळं ऊन मागे राहिलं. चुन्याचा वास दाट झाला. आणि पुढे, अंधुक उजेडात, एक दाणा दिसला.

त्यांनी तो उचलला. त्याच्या पलीकडे आणखी एक. मग तिसरा. मग बाजूला तीन, आणि त्यांच्या बाजूला आणखी तीन. सरांनी नऊच्या नऊ मुठीत घेतले आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्या हसले. सापडले. म्हणजे पोरट्याने इथे आणून लपवले होते.

मग ते उठायला गेले आणि दोन्ही कोपरं भिंतींना घासली.

काळोख होता. समोर हात नेला, भिंत. मागे नेला, भिंत. ओली, गार, आणि बोट दाबलं तर किंचित आत जाणारी. वर छत असेल तर काठी पोचत नव्हती. दार नव्हतं. सरांनी चारही बाजू चाचपल्या, मग पुन्हा चाचपल्या, कारण एकदा मोजलेलं ते कधीच खरं मानत नसत. मग ते उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला, वर्गात शिरताना खाकरत असत तसा.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आवाज आला, अगदी कानाजवळ.

"बाबा?"

"इथे आहे मी. दार उघड."

"कुठलं दार?"

"या... या कपाटाचं. तुझ्या नवऱ्याने मला कपाटात कोंडलंय."

बाहेर कुजबुज झाली. मग जावयाचा आवाज, हलका. "सर, आवाज भिंतीतून येतोय. पण भिंत हातभर जाडीची आहे. तिच्यापलीकडे रस्ता. मी बाहेरून बघून आलो."

"तू बघून आलास म्हणजे झालंच."

"सर, काठी आहे ना तुमच्याजवळ? पायाखाली ठोका. एकेका फरशीवर."

"कशाला?"

"फरशी बसवली की आम्ही ठोकून बघतो. खाली भर नीट असेल तर आवाज भरीव येतो. भर नसेल तर पोकळ येतो. पोकळ फरशीवर माणूस उभा करत नाही आम्ही. ठोका."

काही कारण नव्हतं ऐकायचं, पण अंधारात माणूस ऐकतो. सरांनी काठी आपटली. टक. सरकून पुन्हा. टक. नऊ ठिकाणी आपटली, आणि नऊ वेळा आवाज घट्ट, भरीव आला.

"माझंच काम आहे," बाहेर जावई बायकोला म्हणाला. "आवाज ओळखतो मी. नऊच्या नऊ माझ्या हातच्या आहेत."

लेक भिंतीला अगदी टेकली असावी. तिचा श्वास सरांना ऐकू येत होता. "बाबा, ऐका. संख्या एकाच रीतीने मोडते ना? मग तुम्ही आत्ता कुठे आहात ते तुम्हाला कळलंय. तीन बाय तीन. त्या फरश्या आहेत, याने बसवल्यात. तुम्ही फक्त तसं म्हणा. कदाचित... कदाचित म्हटल्यावर वाट सापडेल. त्याला सापडली होती. त्याने त्या कधी नाकारल्या नाहीत, म्हणून तो आत जाऊन परत आला. दुपारी तुम्हीही त्यांच्यावर दाणे ठेवलेत, तेव्हा बाहेर आलात."

"म्हणजे मी म्हणायचं की तुझा नवरा साव."

"हो."

"आणि त्याची मोजणी बरोबर."

"हो, बाबा. एवढंच. मग घरी जाऊ. जेवायला थांबलोय आम्ही."

सर अंधारात उभे होते. त्यांना तो पोरगा दिसत होता, बाकावर उभा केलेला, उत्तराच्या जागी शिट्टी वाजवू पाहणारा. त्याची मोजणी बरोबर? तो न्यून, आणि आपण त्याच्या शेजारी पानावर बसायचं?

"फरश्या नाहीत," सर म्हणाले. "हे कपाट आहे. खाली फळी आहे."

आणि ठासून सांगावं म्हणून त्यांनी काठी आपटली.

डब.

बाहेरून जावयाने भिंतीवर हात आपटला.

"सर," जावई म्हणाला, "तसं नका म्हणू. परत ठोकू नका. तिथून सरका, भिंतीच्या कडेला..."

"मला शिकवतोस? नऊ फरश्या चोरल्यास तू. इथे काहीही नाही." काठी दुसऱ्या जागी पडली. डब. तिसऱ्या जागी. डब. आवाज खोल जात होता, जसं विहिरीत काही टाकावं आणि तळ लागायला वेळ लागावा. सरांच्या तळव्यांना गार वारा लागला, खालून वर येणारा. मुठीतला एक दाणा निसटला. तो कुठे पडल्याचा आवाज त्यांना आला नाही.

"बाबा, पाया पडते. आहेत म्हणा."

"नाहीत," सर म्हणाले. आता ते कुजबुजत होते. "मी सिद्ध केलंय. हॉलमध्ये दहा हजार. तू बॅग भर. नऊ फरश्या कुठेच नाहीत."

भिंतीपलीकडे लेकीने डोळे पुसले. मग तिचा आवाज आला, रडणं संपलेला, अगदी तिच्या बापासारखा.

"ठीक आहे, बाबा, नाहीत. मग तुम्ही उभे कशावर आहात?"